हाताले थंड लागते

प्रिय बाबा,

तुमाले अन् मायले विक्कीचा जयभीम. पत्र पाहून घाबरू नका, मी धडधाकट आहो. फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमाले निम्मं ऐकू येत नाही अन् उरलेल्या निम्म्याले तुम्ही नुसतं हव हव म्हणता. बॉयलरच्या पंख्यानं कान गेले हे तुम्ही अजून कबूल करत नाही, वरून म्हणता मोबाईलच हलका आहे. आपल्या घरच्या मोनालीच्या हाती फोन दिला की ती माझं बोलणं तुमच्या कानात ओरडून सांगते. ते आधी पुष्पलताकाकूच्या अंगणात पोचते अन् मग तुमच्या कानात. मी जे लिहून राहिलो ते काकूच्या कानावर नाही गेलं पाहिजे, प्रेमानंदकाकाची बायको आहे ती. म्हणून पोस्टानं पाठवून राहिलो. चष्मा घ्या, विहारातल्या बाकावर जाऊन बसा अन् एकट्यानं वाचा. माझं अक्षर तुमाले माहीत आहे. लागलं तं दोनदा वाचा, पण मोनालीले वाचाले देऊ नका.

तिनंच मले सांगितलं, तुम्ही अंकलेश्वरचं तिकीट काढलं म्हणून. धम्मचक्र दिनाची गर्दी ओसरली की बसतो म्हणता. नवीन बॅग घेतली, बॉयलरचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून आणलं, सगळ्या गल्लीले दाखवलं. प्रेमानंदची जागा खाली झाली आहे, ती काहून भायेरच्या माणसाले जाऊ द्याची, त्याले बरं वाटेस्तोवर मी सांभाळतो, असं म्हणता. बाबा, नका येऊ. कायले नका येऊ ते सांगतो. जरा लांबण लागन, कारण मले नीट मांडता येत नाही. तुमाले माहीत आहे, शाळेत निबंध लिहा म्हटलं की मी पाणी प्याले जात होतो ते वापस नाही येत होतो.

एक तं इकडे राहण्यासारखं काही नाही. एका खोलीत आम्ही सहा जण. दोघं ओडिशाचे, दोघं युपीचे, एक मी, अन् एक काकाची खाट, ती सध्या रिकामी आहे. पाणी खारं, साबणाले फेस येत नाही. मेसवाला वरणात गूळ टाकते. त्याले म्हटलं, भाऊ, आमच्याकडे हे सणाले खातेत, तं तो म्हणे रोज सण समजो ना. उन्हाळ्यात पत्रा असा तापते की दुपारी खोलीत कोणी थांबत नाही. हे सगळं मी मोनालीजवळून तुमाले आधी सांगून पाह्यलं, अन् तुम्ही काय म्हणाले तेही तिनं सांगितलं. मी का तिथी पाहुणचार घ्याले येऊन राहिलो का बे? त्या वाक्यावर मी हसलो. ओडिशावाल्याले हिंदीत करून सांगितलं तं तोही हसला, म्हणे मेरा बाप भी ऐसाइच है.

बरं, तं दुसरी गोष्ट. तुम्ही ज्या बॉयलरच्या भरवशावर सर्टिफिकेट घेऊन येऊन राहिले, तो आता नाही. तुमाले वाटते मागच्या शेडमधला जुना अजून चालू आहे. काका आले तवा चालू होता, खरं आहे. पण नवीन मशीन लागली अन् तो बंद पडला तो पडलाच. पोळ्याच्या आसपास भंगारवाले गॅस कटर घेऊन आले. मले बॉयलरहाऊसची माहिती आहे म्हणून साहेबानं त्याईच्या सोबत उभं केलं. कोळसा टाकाचा दरवाजा काढला तं आत विटांच्या खाचीत पारव्यानं घरटं केलेलं. भंगारवाला म्हणे, देखो, इसमें तो गृहप्रवेश हो गया. नळ्या कापल्या, ड्रम कापला, गाडीत भरला. धुराडं तेवढं ठेवलं, कारण त्यावर मोबाईल कंपनीचा डब्बा लावला. आता आमच्या शेडमध्ये रेंज चांगली येते. तुमच्या सर्टिफिकेटवर जे काम लिहिलं आहे ते काम या कंपनीत कुठंच उरलं नाही, बाबा. इथल्या मॅनेजरनं ते हातात घेऊन वाह वाह म्हटलं असतं अन् तुमाले वापस दिलं असतं.

पण तुम्ही म्हणाल, मशीन तं मशीन, मी शिकतो. तुम्ही ते शिकालही, त्याची मले शंका नाही. तरी ती मशीन काय आहे ते आधी समजून घ्या. हिंगण्याले तुमच्या कंपनीत बसवली ती तुमाले काचेच्या पलीकडूनच दिसली, आत कोणी घेतलं नाही. प्रेमानंदकाकाच्या पायलच्या लग्नात तिच्या मावससासूनं तो गरम करण्याचा डब्बा दिला होता, आठवते? मायक्रोवेव्ह. पायल त्यात पापड ठेवते, कारण तिची सासू म्हणते त्यातलं खाल्लं तं केस गळतेत. तसाच डब्बा समजा, पण खोलीएवढा. भिंतीतून चौकोनी नळ्या येतेत, त्यातून लाटा सोडतेत, त्या दिसत नाही, त्याईचा वास नाही, आवाज म्हणाल तं नुसता पंख्याचा. आमच्या इथं प्रीती मॅडम आहेत, यवतमाळच्या, इंजिनिअर. त्याईनं आमाले समजावून सांगितलं. म्हणाल्या, भट्टीत आग पाण्याले तापवते, पाण्याची वाफ भांड्याले तापवते, भांडं मालाले तापवते, अन् निम्मी ऊब धुराड्यातून आभाळाले जाते. इथं लाट भांड्याले सोडून सरळ मालात शिरते. मालाचा कणकण हलते अन् आतल्या आत तापते. भायेर स्टीलची टाकी, तिच्या आतून जाडं पांढरं अस्तर, अन् त्याच्या आत रंगाचा माल. वाफेवर ज्याले पूर्ण पाळी लागत होती ते चहा पिऊन येईस्तोवर होते. दिवसाची बरीचशी वीज छपरावरच्या सोलरची.

मी या मशीनले शिव्या देण्यासाठी पत्र नाही लिहून राहिलो. खरं ते खरं. धूर नाही, राख नाही. मागच्या वस्तीतल्या बाया आता पांढरे कपडे भायेर वाळू घालतेत, आधी त्या आमच्या शेडकडे पाहून बोटं मोडत होत्या. माझा खोकला गेला. तुमचा खोकला मायले विचारा, तिनं किती वर्षं ऐकला. उमरेडच्या कोळशानं आपलं पोट भरलं अन् तुमची छातीही भरली, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रीती मॅडम म्हणतेत, पुढं सगळे कारखाने असेच होतील, झालेच पाहिजे, नाही तं दुनिया भाजून निघन. असन. मले तेवढं मोठं समजत नाही. मले एवढंच दिसते की आगीले माणूस लागत होता. कोणी कोळसा टाकत होता, कोणी राख ओढत होता, कोणी पाण्याची काच पाहत होता, अन् त्या सगळ्याईवर तुम्ही ओरडत होते. या मशीनले दोघं लागतेत, एक बटन दाबाले, अन् तो लघवीले गेला तं त्याच्या जागी उभं राहाले एक. काका अन् मी, असे आम्ही दोघं होतो.

हिंगण्याचा तुमचा बॉयलर विझवला त्या दिवशी मी घरीच होतो. हैद्राबादचं काम सोडून आलो होतो, तुम्ही म्हणत होते याच्या पायाले भिंगरी लागली आहे. पुणे झालं, सुरत झालं, हैद्राबाद झालं, याले कुठंच करमत नाही. तुम्ही कंपनीच्या बसमधून उतरले, डब्बा ठेवला, अंघोळ केली, जेवले. प्रेमानंदकाका मात्र आपल्या अंगणात बसून हमसून हमसून रडले, अन् तुम्ही त्याईले म्हणाले, अबे लेका, बॉयलर विझला, तुझा बाप नाही मेला. काका म्हणे, बाप गेला तवा एवढं नव्हतं वाटलं, दादाजी. मग तुम्ही दोघंही हसले. मले ते हसणं आवडलं नव्हतं. मॅनेजरनं तुमाले गेटवर बसाचं काम देऊ केलं होतं, काठी अन् टोपी. तुम्ही नाही म्हटलं. काका हव म्हणणार होते, काकूनं त्याईले तसं पढवून पाठवलं होतं. पण तुम्ही नाही म्हटलं म्हणून तेही नाही म्हणून वापस आले. काकू आपल्या घरासमोरून जाताना किती दिवस मायशी बोलली नाही, ते तुम्ही पाह्यलं का, मले माहीत नाही.

काका तुमच्यापेक्षा वयानं फार लहान नाही, पण त्याईनं तुमाले कधी मित्र नाही मानलं, गुरूच मानलं. त्याईचं सगळं तुमच्यासारखं. डब्ब्याचं फडकं बांधाची गाठसुद्धा. अन् तो हात. मी लहानपणी आईतवारी तुमचा डब्बा घेऊन बॉयलरहाऊसले येत होतो तवा पाहत होतो, तुम्ही दस्ताना काढून हात उलटा करत होते अन् ड्रमजवळ नेत होते, आधी जवळ, मग टेकवून, अन् लगेच काढून. तळवा खोटं बोलते म्हणत होते तुम्ही, तळव्यावर कामाची साल चढलेली असते, उलट्या हाताची कातडी खरी. मी शाळेत काही शिकलो नाही पण हे शिकलो. काटा आहे तोवर काट्यावर भरवसा ठेवाचा, पण काटा अडकला, लाईट गेली, काच काळी पडली, तं हात आहे. प्रेमानंदकाकाले तुम्ही हेच शिकवलं. ते तळवा लावत तं तुम्ही बोटाच्या गाठीवर चापट मारत होते. गल्लीतल्या बाया तापलेलं लेकरू तुमच्यासमोर आणत होत्या, तुम्ही कपाळाले उलटा हात लावून सांगत होते, याले दवाखान्यात न्या, त्याले नका नेऊ. सिंधूताईचं सगळ्यात लहान पोट्टं तुमच्यामुळंच वाचलं, असं ती अजून म्हणते.

मीच काकाले इकडे आणलं. तुम्हीच म्हटलं होतं, याचं काहीतरी कर, काकू त्याले घरात बसू देत नाही. आले तवा जुन्या बॉयलरवर लागले अन् लय खूश होते. आईतवारी पाटोडी कराचे, खोलीतले सगळे ताटं घेऊन रांगेत. युपीवाला तिखटानं रडत रडत तिसऱ्यांदा रस्सा मागाचा. काका त्याले म्हणाचे, हे तं काहीच नाही बेटा, दादाजीची बायको करते ती खाशील तं गंगेत उडी मारशील. तुमच्याशिवाय त्याईचं एक वाक्य पूर्ण होत नव्हतं. दादाजी असं म्हणते, दादाजी तसं कराचा. ओडिशाच्या पोट्ट्याईले वाटत होतं दादाजी कोणी देव आहे, त्याईनं मले विचारलंही, कौन सा मंदिर है.

मग बॉयलर बंद झाला अन् काकाले माझ्यासोबत मशीनवर टाकलं. तिथी त्याईचा जीव रमला नाही. मशीन बोलत नाही म्हणाचे. बॉयलर कसा, भूक लागली तं ओरडते, पोट भरलं तं गुरगुरते, हे मेलं मुकं लेकरू आहे, कुठं दुखते ते कसं समजाचं? पडद्यावरचे आकडे पाहून पाहून त्याईचे डोळे दुखाचे. प्रीती मॅडमनं आमाले बसवून सगळं सांगितलं होतं, एकदा हिंदीत सगळ्याईले, अन् मग आम्हा दोघाईले मराठीत. पडद्यावर हिरवं आल्याशिवाय झाकण उघडाचं नाही. पडदा बंद पडला तं मशीन तशीच सोडून भायेर याचं अन् मॅडमले फोन कराचा. भायेरून अंदाज घ्याचा नाही. काका हव मॅडम म्हणाले. तुम्ही फोनवर म्हणता ना, तसंच हव.

तुमाले आम्ही सांगितलं की झाकण उघडताना काकाच्या अंगावर गरम पाणी उडालं. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. दुपारी जेवण करून आलो होतो. टाकीत माल होता, मशीन चालू होती, अन् लाईट गेली. जनरेटर उचलाले वेळ लागला. पडदा काळा. मी म्हटलं मॅडमले फोन लावतो, तं रेंज आहे पण मॅडम मिटिंगमध्ये, उचलत नव्हत्या. काका म्हणाले, मालाची गाठ झाली तं टाकीतला पूर्ण घाणा वाया जाईन अन् आपल्या दोघाईच्या नावावर येईन, पाहून घेतो. अन् त्याईनं झाकणाचे नट सोडले. या मशीनमध्ये माल उकळीच्या वर गेला तरी कधी कधी गप राहते, बाबा. बुडबुडा नाही, हालचाल नाही, तळ्यासारखा. झाकण हललं की एकदम उठते. पूर्ण तोंडावर आला, अन् उजव्या हातावर, कारण त्यानंच झाकण धरलं होतं.

डावा डोळा गेला. उजव्यानं उजेड अन् अंधार एवढं समजते, माणूस नाही समजत. उजव्या हाताची बोटं एकमेकाले चिकटली, ती सोडवाले पुढं ऑपरेशन लागन म्हणतेत, पण सुटली तरी पकड येणार नाही. दवाखान्यात चांगलं पाह्यलं, कंपनीनं खर्च केला, त्यात मी खोट काढत नाही. फक्त गेटजवळच्या फळ्यावर कागद लावला की कामगारानं सूचना न पाळता झाकण उघडल्यामुळे अपघात झाला. तेही खरं आहे, काय म्हणाचं? प्रीती मॅडम दोनदा पाहाले आल्या अन् खाटेजवळ उभ्या राहून रडल्या. काका त्याईले म्हणाले, रडू नका बाई, तुमच्या वयाची पोरगी आहे मले. काकूचे भाऊ जितेंद्रमामा न्याले आले आहेत. येत्या आईतवारी हावडा गाडीनं नागपुरात उतरतील. काकूले अजून डोळ्याचं माहीत नाही. ठेसनावर उतरल्यावर सांगतो असं मामा म्हणतेत. मले सुट्टी नाही मिळाली, कारण आता मशीनवर मी एकटाच आहो अन् माझ्यासोबत नवीन पोट्टा दिला आहे. मी काही याही कामात फार दिवस टिकणार नाही असं मले वाटते. पण सोडून जाऊ कुठं, हे या वेळी पहिल्यांदाच मले सुचत नाही. जिथी जातो तिथी हीच मशीन येऊन राहिली.

आता ज्यासाठी पत्र लिहाले बसलो ते लिहितो, कारण कागदाची ही शेवटची बाजू आहे. पायलनं काकाले दवाखान्यात फोन केला होता. काकाच्या हाताले पट्ट्या, म्हणून मी मोबाईल स्पीकरवर धरला. पायलले माहीत नव्हतं की बोलणं खोलीभर ऐकू येते. ती म्हणाली, मोठेबाबा सगळ्या गल्लीत सांगून राहिले की प्रेमानंद घाईचा आहे, एवढी वर्षं शिकवलं अन् एक साधा हात नाही लावला त्यानं, मी असतो तं हात लावून पाह्यला असता अन् झाकण उघडूच दिलं नसतं. मी फोन बंद करत होतो, काका म्हणाले राहू दे. मग म्हणाले, दादाजी बरोबर बोलते, विसरलो मी, घाई झाली. अन् फोन झाल्यावर त्याईनं मले जवळ बोलावून शपथ घातली की यापेक्षा वेगळं काही दादाजीले सांगाचं नाही. मी हव म्हटलं, अन् आज मोडून राहिलो. बाबा, त्याईनं हात लावला होता. दस्ताना काढला, हात उलटा केला, आधी जवळ नेला, मग टेकवला, तुम्ही लावता तसाच, एक काडीचा फरक नाही. चांगला वेळ टेकवून ठेवला. मले म्हणाले, थंड आहे विक्की, माल बसला. मी त्याईच्या बाजूलेच उभा होतो अन् माझाही त्या हातावर भरवसा होता. ते अस्तर ऊब भायेर येऊच देत नाही, आत काहीही असो, हाताले थंडच लागते. तुम्ही असते तं तुम्हीही लावला असता, अन् तुम्हीही झाकण उघडलं असतं. हे मले तुमाले सांगाचं नव्हतं. खोली, पाणी, मेस, बॉयलर, सगळं सांगून पाह्यलं, पण तुम्ही तिकीट वापस करत नाही. गल्लीत जे बोलले ते आता कसं मागं घ्याचं, हे मले समजत नाही. घेतलं तं मी काकाची शपथ मोडली हे त्याईले समजते, अन् काकूले समजते की कोणाच्या शिकवणीनं झालं. नाही घेतलं तं तो माणूस जन्मभर तुमच्या शेजारी घाईचा म्हणून बसन अन् एक शब्द बोलणार नाही. तुम्हीच ठरवा, मी लहान आहो. फक्त येऊ नका. मी तुमच्यासाठी दुसरं काही काम पाह्यलं असतं, खरंच पाह्यलं, पण नाही आहे बाबा, इकडेही नाही अन् तिकडेही नाही.

तुमचाच,
विक्की